निरगुडसर ते मंचर, व्हाया शिनोली

दादाभाऊचा संशय घ्यायचा स्वभाव आख्ख्या निरगुडसरला माहीत. दुधवाल्यानं मापाला थोडं जास्त दूध घातलं, तरी हा विचारणार, "का रं बाबा, आज पाणी लई झालं व्हय?" कुणी रस्त्यात हसून रामराम घातला, तर घरी येईपर्यंत त्या हसण्याचा कीस काढत बसणार. बाप म्हस्कू जन्मभर मेंढरं राखत आला, आणि अजूनही आण्याच्या पठारावर थोडीफार राखतोय. "मामंजींनी लांडग्यावर ठेवली न्हाई एवढी नजर ह्यांची माणसांवर," असं त्याची बायको आशा म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची.

अशा माणसानं धंदा कुठला काढावा? इंटरनेटचा! बिरोबा नेट. घराच्या गच्चीवर टॉवर, खालच्या खोलीत यंत्रं, आणि पंचक्रोशीत वायरींचं जाळं. गिऱ्हाइकांचे फोन आशा घ्यायची, खांबावर वायर ओढायला घोडेगावचा सोपान यायचा, आणि दादाभाऊ खुर्चीत बसून कोण कुठं काय करतंय यावर लक्ष ठेवायचा.

आता थोडं धंद्याचं समजून घ्या, त्याशिवाय पुढचा घोळ कळायचा नाही. लोकांना वाटतं, इंटरनेटचा एक मोठा नकाशा कुठंतरी ठेवलेला असेल. तसलं काही नाही हो! प्रत्येक लहानमोठ्या कंपनीकडं एक राउटर असतो, म्हणजे वाट दाखवणारं यंत्र, आणि त्याला ठाऊक असतं ते फक्त शेजाऱ्यानं सांगितलेलं. शेजारचा राउटर म्हणतो, "अमक्या गावाला जायचंय? माझ्याकडून वाट आहे." हा ते खरं मानतो आणि आपल्या दुसऱ्या शेजाऱ्याला सांगतो, "अमक्या गावाला माझ्याकडून वाट आहे." असं कानोकानी होत बातमी जगभर पोचते. वाट बंद पडली, तर "ती वाट विसरा" हेही तसंच कानोकानी जातं. दोघांनी दोन वाटा सांगितल्या, तर बहुधा जवळची धरायची. सगळा कारभार एकमेकांच्या शब्दावर चालतो.

दादाभाऊचे शेजारी दोन. एक म्हणजे जिच्याकडून तो घाऊक नेट घ्यायचा ती वरची कंपनी, पुण्याची. तिची लाइन मंचरवरून यायची. दुसरा शिनोलीचा राजरत्न. त्याचं सम्यक नेट, आणि त्याला त्याच कंपनीची लाइन जुन्नरकडून यायची. राजरत्नच्या आजोबांनी छप्पन्न सालानंतर बुद्धाचा धम्म घेतला, वडील जयवंत एसटीत कंडक्टर होते, आणि हा पोरगा शिकून परत गावी आला. भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या वाड्यावस्त्यांना त्यानं घरोघर नेट पोचवलं. त्यानं आणि दादाभाऊनं मिळून टॉवरवरून टॉवरला डिश लावल्या आणि दोघांत एक लिंक जोडली. एकाची लाइन गेली, तर दुसऱ्यानं सांभाळायचं. उन्हातान्हात टेकडीवर दोघांनी एका डब्यातली भाकरी खाल्लेली. तर असा हा शेजार.

तर झालं असं की लोकर कातरायचे दिवस आले म्हणून दादाभाऊ आण्याला गेला. पठारावर बापाच्या मेंढरांमागं मोबाईलला रेंज कुठली! परत येताना खाली उतरला, तेव्हा फोन जागा झाला आणि राजरत्नचे चुकलेले कॉल दिसले. एरवी मेसेज टाकणारा माणूस फोन का लावतोय? दादाभाऊच्या मनात पहिली पाल तिथं चुकचुकली. उलटा फोन मात्र त्यानं लावला नाही. आधी अंदाज घ्यावा, मग बोलावं, ही त्याची रीत.

मंचरला ज्ञानेश्वरच्या दुकानात तो थांबला. वायरी, डबे, कनेक्टर विकणारा हा ज्ञानेश्वर, त्याला सगळे माऊली म्हणतात. माऊलीनं इकडंतिकडं पाहिलं आणि काउंटरवर वाकला.

"दादाभाऊ, ऐकलं का न्हाई? शिनोलीच्या राजरत्ननं तुमची वाट लावली म्हणं."

"म्हंजे?"

"म्हंजे काय ते तुमीच बघा राव. आपुन बोललो न्हाई."

झालं! मंचर ते निरगुडसर दादाभाऊनं गाडी कशी चालवली त्याचं त्याला माहीत. घरी आला, पाय न धुता कॉम्प्युटरपुढं बसला आणि आपल्या राउटरला विचारलं, मंचरला कसा जातोस ते दाखव. पडद्यावर टप्पे उमटले. निरगुडसर, मग शिनोली, मग जुन्नरची लाइन, मग पुणं, आणि तिथून मंचर.

"आशेऽ!" तो ओरडला. "अगं, निरगुडसरचा माणूस मंचरला जाताना शिनोलीवरून जातो का? घरापुढनं रस्ता सोडून भीमाशंकराला वळसा? माऊली म्हनला ते खरं, आपलं सगळं गिऱ्हाईक राजरत्ननं त्याच्या दारावरून वळवलंय!"

आशा पीठ मळत होती, तशीच पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "मग लावा की त्याला फोन. इचारा."

"चोराला इचारू, बाबा तू चोरी केली का?"

"चोर कोण म्हनलं? माऊली? त्याला दुकानातली वायर मोजता येत न्हाई धड."

पण दादाभाऊच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं होतं. चुकलेले कॉल आता त्याला उलगडले. मी घरी आहे का नाही याची चाचपणी करत असणार! डिश लावताना आपला पासवर्ड त्याच्यासमोर टाकला होता का? सोपान दोघांचंही काम करतो, तो तिकडं काय काय सांगत असेल? बिरोबाचं गिऱ्हाईक हळूच सम्यककडं ओढायचं, हा डाव असणार. आणि आपल्यातल्या माणसानं असं केलं नसतं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. हे तो कुणापाशी बोलला नसता, आशापाशी तर नाहीच.

त्यानं पुण्याच्या कंपनीला फोन लावला. तिथं श्रेया नावाची इंजिनिअर होती, बोलायला गोड, कामाला कडक.

"म्याडम, शिनोलीचा राउटर आमच्या गिऱ्हाइकांची वाट माझ्याकडून हाय म्हणून खोटं सांगतोय. आमची परवानगी न्हाई."

"तुम्ही त्यांच्याशी बोललात का, सर? कधीकधी चुकून होतं, किंवा मदत म्हणून केलेलं असतं."

"बोललो," दादाभाऊ म्हणाला. "ऐकायला तयार न्हाई तो."

धडधडीत खोटं. ओठावर आलं आणि गेलंसुद्धा. श्रेया म्हणाली, तक्रार गंभीर आहे, चौकशी होईपर्यंत शिनोलीकडून येणारं काहीच आमचे राउटर ऐकणार नाहीत. दादाभाऊनं फोन ठेवला आणि आशाला म्हणाला, "आता बसंल बोंबलत."

बोंबललं आधी निरगुडसर! आशाचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. नेट येतंय, जातंय, येतंय, जातंय. दूध डेअरीवाले, कांद्याचे भाव बघणारे, सगळे एका सुरात. दादाभाऊनं मांडीवर थाप मारली. "बघ! सूड घेतला त्यानं!"

आशानं फोन बाजूला टाकला आणि कमरेवर हात ठेवले. ती चिडली की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो.

"अहो, तुमी आण्याला व्हता तवा एका गिऱ्हाइकाचा फोन न्हाई आला. एकाचाबी न्हाई. तुमी आला, कुणालातरी फोन केला, आन् बोंब सुरू झाली. सूड त्यानं घेतला का तुमी?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला एवढं कळतं की राउटरसुद्धा वाट सांगताना ती कुणाकुणाच्या हातून आली त्यांची नावं ओळीनं लावून सांगतो. मशीन हाय ते, पर एवढी अक्कल त्याला हाय. तुमी माऊलीला इचारलं का, तुला कोण म्हनलं? आन् त्याला कोण म्हनलं?"

दादाभाऊला हे लागलं. पण उठला तो बायकोचं पटलं म्हणून नव्हे. पुरावा गोळा करायचा आणि सगळ्यांसमोर राजरत्नला उघडा पाडायचा, या इराद्यानं त्यानं गाडीला किक मारली.

मंचरला माऊली त्याला बघून खुशीत आला. "आलं का ध्यानात? मी म्हनलं नव्हतं?"

"तुला कुणी सांगितलं ते सांग."

"सोपान म्हनला की. वायरीचं बंडल न्यायला आला व्हता."

"काय म्हनला? जसंच्या तसं सांग."

माऊलीनं डोकं खाजवलं. "वाट लावून दिली म्हनला... का लावून टाकली? लावली एवढं पक्कं. आन् ऐकलं का, कंपनीनं त्या राजरत्नला धरलंय म्हणं आज. आख्ख्या तालुक्याचं नेट चोरत व्हता!"

"आख्ख्या तालुक्याचं? कोण म्हनलं?"

"बोलत्यात लोक."

दादाभाऊचा चेहरा उतरला. आपण सांगितलं ते एका निरगुडसरचं. मंचरला पोचेपर्यंत त्याचा तालुका झाला होता. तरी त्यानं मनाला समजावलं, धूर निघतो तिथं जाळ असतोच, आणि गाडी घोडेगावच्या रस्त्याला घातली.

सोपान घोडेगावच्या बाजारपेठेमागं खांबावर चढला होता. दादाभाऊ खालून ओरडला, "सोपान्या, खाली ये!"

"वायर जोडतोय दादाभाऊ, दमा जरा."

"आत्ता उतर!"

सोपान उतरला. चाळिशीचा गडी, तोंडात कायम तंबाखू. दादाभाऊनं विचारलं, राजरत्न माझ्याबद्दल काय म्हणाला. सोपान चकित होऊन बघायला लागला.

"म्हंजे, तुमाला निरोप मिळाला न्हाई व्हय?"

"कसला निरोप?"

"राजरत्नदादांनी तुमाला लई फोन लावले. लागंना. मग मला म्हनले, 'दादाभाऊंची मंचरकडची लाइन खराब झालीय, सारखी येती-जाती. गिऱ्हाइकांचे हाल होतील. मी त्यांची वाट शिनोलीवरून लावून दिलीय. आण्याहून आले की लाइन तपासा म्हणावं.' मला मंचरला जायचंच व्हतं, तुमीबी तिथनंच जाणार, म्हणून माऊलीपाशी सांगून ठेवलं."

"एवढं सगळं सांगितलंस त्याला?"

सोपाननं तंबाखू थुंकली. "दुकानात गर्दी व्हती हो. म्हनलं, राजरत्ननं दादाभाऊची वाट लावून दिलीय, सांग त्यांना." आणि त्याला स्वतःलाच हसू फुटलं. "आयला, माऊलीनं भलतंच केलं की काय?"

बघा आता! दादाभाऊच्याच घरातलं घ्या, पठारावरून दुसऱ्या मेंढपाळांचा कळप निघाला की म्हस्कू म्हातारा त्यांच्याबरोबर शिवेपर्यंत चालत जायचा, पाणी कुठं, चारा कुठं सांगायचा, आणि परत येऊन म्हणायचा, "दिली वाट लावून त्यांना." लेकरू असल्यापासून ऐकलेलं बोलणं ते. त्यातला 'दिली' तेवढा मंचरला गळाला आणि उरलेल्याचा अर्थ उलटा झाला. अर्थात नुसत्या शब्दावर खापर फोडून चालायचं नाही. ऐकणाऱ्याला जो अर्थ हवा होता, तोच त्यानं घेतला.

दादाभाऊला आता सगळं दिसायला लागलं. येती-जाती लाइन म्हणजे धंद्यातलं सगळ्यात वाईट दुखणं. जो शेजारी घडीत वाट आहे म्हणतो, घडीत नाही म्हणतो, त्याचं म्हणणं वरचे राउटर काही काळ मनावरच घेत नाहीत. म्हणजे इतके दिवस निरगुडसर चाललं होतं, ते निव्वळ शिनोलीच्या जोरावर. आणि तोच आधार आपण सकाळी आपल्या हातानं काढून घेतला होता.

"पर आता तर लईच वाईट झालं," सोपान सांगत होता. "कंपनीनं शिनोली बंद केली. राजरत्नदादांवर पोलीस केस व्हणार म्हणत्यात. कुणीतरी खोटी तक्रार केली. कोण असंल हो तो हरामखोर?"

दादाभाऊनं गाडी वळवली. परत निरगुडसरला जावं, असं क्षणभर त्याला वाटलं. कंपनीला फोन करून गुपचूप तक्रार मागं घ्यावी, मंचरची लाइन दुरुस्त करावी, कुणाला काही कळणार नाही. नाव तर कुठंच आलं नव्हतं. गाडी बराच वेळ रस्त्याच्या कडेला सुरू ठेवून तो तसाच बसला. मग शिनोलीकडं निघाला.

राजरत्नच्या घराच्या पडवीतच त्याचं ऑफिस. तिथं पाचसहा माणसं उभी होती. वरच्या वाडीची ठकूबाई नेटचा डबा पदराखालून काढून टेबलावर ठेवत होती. "चोरीचं नेट नगं रे बाबा आमाला. उद्या आमच्या दारात पोलीस यायचा." राजरत्नची आई द्रौपदा दाराशी उभी होती. ती त्या डब्याकडं बघत होती. राजरत्न लोकांना काही समजावू पाहत होता, पण समजावणार काय? पडद्यावर सगळं लाल.

दादाभाऊला बघून त्याचा चेहरा उजळला. "या, दादाभाऊ! बरं झालं आलात. तुमचंही बंद पडलं ना? कुणीतरी कंपनीत तक्रार केलीय, की मी वाटा चोरतो. नाव सांगत नाहीत. मी त्या मॅडमना म्हटलं, एवढंच असेल तर निरगुडसरच्या दादाभाऊंना विचारा, मी त्यांच्यासाठी काय केलंय ते, ते सांगतील. त्या म्हणाल्या, चौकशी चालू आहे." तो लोकांकडं वळला. "हे बघा, हे दादाभाऊ. ह्यांना विचारा."

सगळे दादाभाऊकडं बघायला लागले. 'राजरत्न चोर नाही' एवढंच म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढं सोपं होतं ते. पण द्रौपदा त्याच्याकडं बघत होती, आणि ते त्याला सोसवलं नाही.

"तक्रार मी केली," तो म्हणाला.

दादाभाऊनं खिशातून फोन काढला, श्रेयाला लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर डब्याशेजारी ठेवला.

"म्याडम, निरगुडसरवरून दादाभाऊ. शिनोलीची तक्रार खोटी हाय. त्यांनी आमची पडलेली लाइन सांभाळली व्हती. सगळं पहिल्यासारखं चालू करा."

"पण सर, तुम्ही त्यांच्याशी बोललात म्हणाला होतात."

"न्हाई बोललो. खोटं बोललो मी. ते बी लिहून घ्या."

पलीकडं थोडा वेळ नुसतं टाइप केल्याचा आवाज आला. मग श्रेया म्हणाली, ठीक आहे, सुरू करते. पडद्यावरच्या लाल ओळी एकेक करत हिरव्या झाल्या. शिनोलीच्या राउटरनं आपल्या वाटा सांगितल्या आणि पुण्याच्या राउटरनं त्या ऐकून घेतल्या, मधे काही झालंच नाही अशा रीतीनं. यंत्राला काय, त्याला राग नसतो. ठकूबाईनं ओशाळून आपला डबा उचलला. बाकीचेही पांगले.

राजरत्न खुर्चीत बसला होता. तो ओरडला असता तर दादाभाऊला बरं वाटलं असतं.

"मी फोन लावले होते तुम्हाला," राजरत्न म्हणाला.

"बघितले मी. रेंजमधे आलो तवाच बघितले."

"आणि लावला नाहीत."

"न्हाई. चुकलं माझं, राजरत्न. लई चुकलं. माऊलीनं असं सांगितलं, त्यात टप्पे बघितले, शिनोलीवरून जातंय म्हनलं..."

"एक विचारू, दादाभाऊ? खरं सांगाल?"

"इचार."

"हीच गोष्ट माऊलीनं तुमच्या पावण्यारावळ्यांतल्या कुणाबद्दल सांगितली असती, तुमच्या एखाद्या भावकीतल्या माणसाबद्दल. तर आधी फोन कुणाला लावला असता? कंपनीला, का त्याला?"

दादाभाऊपाशी उत्तरं पुष्कळ होती. रेंज नव्हती, गिऱ्हाइकांची काळजी होती, धंद्यात असं होतंच, तू असं मनात आणू नको. सगळी ओठापर्यंत आली. आयुष्यभर दुसऱ्याच्या मनात काय आहे ते हुडकत आलेला माणूस, आज पहिल्यांदा आपल्याच मनाशी अडला.

"त्याला," तो खाली बघत म्हणाला. "त्याला लावला असता."

राजरत्ननं मान हलवली. त्यानं कीबोर्ड ओढला आणि काहीतरी तपासलं.

"तुमची वाट चालू ठेवलीय. लोकांचा काय दोष," तो म्हणाला. "मंचरची लाइन दुरुस्त झाली की सांगा. मग ही दोघांतली लिंक आपण काढून टाकू."

दादाभाऊला खूप काही म्हणायचं होतं. तो "बरं" म्हणाला, चपला घातल्या आणि पडवीची पायरी उतरला.